खेळाचा पेपर

४०० मीटरच्या शर्यतीत शेवटच्या शंभर मीटरमध्ये धावपटूचा वेग का मंदावतो? इंग्लंडमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर ‘दमतो म्हणून’ असं लिहिलं, तर त्याच्या हाती भोपळाच यायचा. तिथे अपेक्षित उत्तर असं की, स्नायूंना लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते आणि त्याचा तयार साठा दोन-तीन सेकंदांत संपतो. मग फॉस्फोक्रिएटिन मदतीला येतं, तेही जोरात धावल्यास दहाएक सेकंदांत आटतं. त्यापुढे मुख्य भार ऑक्सिजनची वाट न पाहता होणाऱ्या ग्लायकोजनच्या विघटनावर येतो. त्यातून ऊर्जा झटपट मिळते, पण स्नायूंमधली आम्लता वाढत जाते, एन्झाइमचं काम बिघडतं, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात पाय शिशाचे होतात. इतकं सगळं बरोबर लिहिलं तरी गुण पुरे पडत नाहीत. हे ज्ञान त्या विशिष्ट धावपटूला, त्या विशिष्ट शंभर मीटरना लावून दाखवावं लागतं.

हा विषय म्हणजे ए-लेव्हलचा ‘फिजिकल एज्युकेशन’, मुलांच्या बोलण्यात नुसता ‘पीई’. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा होते. त्यानंतरची दोन वर्षं ए-लेव्हल करणारी मुलं साधारणपणे तीनच विषय घेतात आणि तेच खोलात शिरून शिकतात. त्या तीनांत भौतिकशास्त्र किंवा इतिहासाच्या शेजारी पीई बसू शकतो. आपल्याकडे पीटीचा तास म्हणजे गणिताच्या बाईंनी पोर्शन पुरा करायला मागून घ्यायचा तास. त्या आठवणीवर वाढलेल्या पालकाला, मुलगी ‘पीई घेते’ म्हणाली की पोटात गोळा येणं साहजिक आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली मराठी घरंही याला अपवाद असतील असं वाटत नाही.

विषय तसा तरुण आहे. तो ए-लेव्हलच्या यादीत आला १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. सध्याचा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१६पासून शिकवला जातो आणि त्याची पहिली परीक्षा २०१८ साली झाली. एक्यूए, ओसीआर, पिअर्सन एडेक्सेल, एज्युकास अशी वेगवेगळी परीक्षा मंडळं तो घेतात, पण मूळ हिशेब सगळीकडे सारखा: ७० टक्के लेखी, ३० टक्के प्रात्यक्षिक आणि त्याचं विश्लेषण. एक्यूएचे दोन पेपर असतात, प्रत्येकी दोन तासांचे आणि १०५ गुणांचे. म्हणजे जिल्हा पातळीवर खेळणारा मुलगा केवळ खेळाच्या जोरावर हा विषय काढू शकत नाही. ‘मैदानावर मजा करून गुण मिळवायचा विषय’ हा समज घेऊन आलेली मुलं हृदयाच्या विद्युतसंदेशाचा मार्ग पाठ करायची वेळ आली की गोंधळतात, यात नवल नाही.

पुस्तकाचा पहिला मोठा भाग शरीरशास्त्राचा. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, तर एका ठोक्याला ढकललेलं रक्त गुणिले मिनिटाचे ठोके. सराव केलेल्या धावपटूचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून स्वस्थ बसलेला असताना त्याचे ठोके मिनिटाला साठच्याही खाली असू शकतात. हे जीवशास्त्रातही येतं. फरक असा की इथे प्रत्येक संकल्पनेला एक शर्यत, एक सामना चिकटवलेला असतो. उसेन बोल्टने २००९मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले तेव्हा त्याचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता. त्यापुढे तोही मंदावला, फक्त इतरांपेक्षा कमी. दुसऱ्या टोकाला बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसला त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंद वेळ दिली आणि केनियाच्या अब्राहम किबिवॉटच्या मागे अवघ्या ०.०५ सेकंदाने रौप्य मिळवलं. आठ मिनिटांच्या शर्यतीत बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच तयार होते, पण शेवटच्या सरळ पट्ट्यात दोघं खांद्याला खांदा लावून सुटले तेव्हा पुन्हा तो बिनऑक्सिजनचा, महागडा रस्ता धरावा लागला. दोन्ही यंत्रणा एकाच वेळी चालू असतात. बदलतं ते त्यांचं प्रमाण. मुलं नेमकी इथेच चुकतात. एक यंत्रणा बंद झाली की दुसरी चालू होते, असं ती लिहून मोकळी होतात.

या विषयाला कुलदैवत निवडायचं झालं तर मी रॉजर बॅनिस्टरला निवडीन. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफली रोड मैदानावर त्याने एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. चार मिनिटांची भिंत तेव्हा पहिल्यांदा पडली. क्रिस ब्रॅशर आणि क्रिस चॅटवे यांनी त्याला वेग आखून दिला होता. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅनिस्टर वैद्यकाचा विद्यार्थी होता, आणि व्यायाम करताना श्वसनावर ऑक्सिजनचा काय परिणाम होतो यावर त्याने ऑक्सफर्डमध्ये ट्रेडमिलवर संशोधन केलं होतं. त्या प्रयोगांत तो स्वतःही धावत असे. पुढे तो मेंदूविकारतज्ज्ञ झाला. स्वतःचं शरीर हेच पाठ्यपुस्तक आणि तीच प्रयोगशाळा, ही पीईची मूळ कल्पना त्याच्या आयुष्यात आयतीच सापडते.

जैवयांत्रिकीवर फार थांबत नाही. न्यूटनचे नियम, तरफा, प्रक्षेपणाचे कोन यांत शाळकरी भौतिकशास्त्रापलीकडे फारसं काही नाही. अपवाद फक्त मॅग्नस परिणामाचा. स्वतःभोवती फिरणाऱ्या चेंडूच्या एका बाजूला हवा वेगाने सरकते, दुसऱ्या बाजूला रेंगाळते, दाबात फरक पडतो आणि चेंडू बाजूला ओढला जातो. १९९७मध्ये फ्रान्सविरुद्ध रॉबेर्तो कार्लोसने मारलेली ती फ्री किक, जी बाहेर चालली असं वाटतानाच आत वळली, ती याच परिणामाची करामत. आपल्या फिरकी गोलंदाजांचा चेंडू हवेत वाहून मग एकदम खाली पडतो, तोही यामुळेच.

खरी गंमत सुरू होते कौशल्य कसं अंगवळणी पडतं या भागात. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७मध्ये शिकण्याचे तीन टप्पे सांगितले. पहिल्यात माणूस प्रत्येक हालचालीचा विचार करतो, दुसऱ्यात चुका करत दुरुस्त करत जातो, तिसऱ्यात हालचाल आपोआप होते आणि डोकं डावपेचांसाठी मोकळं राहतं. नवशिक्या फलंदाजाला ‘कोपर वर ठेव’ म्हणून सांगावं लागतं. मुरलेल्याला तेच सामन्यात सांगितलं तर तो बिघडतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढ्यात पाहणं, ठरवणं आणि बॅट फिरवणं हे तिन्ही बसवायचं, तर बरंचसं काम गोलंदाजाच्या मनगटावरून आधीच ओळखावं लागतं. पर्याय जितके जास्त तितका प्रतिसादाला वेळ अधिक, हा विल्यम हिकने १९५२मध्ये मांडलेला नियम इथे कामी येतो. गोलंदाजाकडे एकच चेंडू असेल तर फलंदाज सुखी. गुगलीही असेल तर प्रत्येक चेंडूला तो क्षणभर उशीर करणार.

आणि मग येते हूल. खो-खोत पळणारा डावीकडे झुकतो, पाठलाग करणारा त्या बाजूला वळतो, आणि तोवर हा उजवीकडून निसटलेला असतो. फुटबॉलमध्ये, रग्बीमध्ये हेच चालतं. अभ्यासक्रमात याचं कारण असं दिलेलं आहे: मेंदू प्रतिसाद ठरवताना एका वेळी एकच संदेश हाताळतो, जणू अरुंद बोळातून एकच माणूस जावा तसा. पहिला संदेश, म्हणजे खोटी हालचाल, बोळात शिरला की तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याला, म्हणजे खऱ्या हालचालीला, थांबावं लागतं. सेकंदाच्या त्या अंशात खेळाडू सुटतो. मात्र हूल फार लवकर दिली तर समोरचा सावरतो, आणि खरी हालचाल तिला फारच चिकटून आली तर तो हुलीला भुलत नाही. मैदानावरच्या मुलांना हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी त्यांच्या पायांना ते ठाऊक असतं. पायांना ठाऊक असलेलं शब्दांत आणायला लावणं, हेच मला या विषयाचं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

मानसशास्त्राचा भागही याच जातीचा. नॉर्मन ट्रिपलेटने १८९८ साली नोंदवलं होतं की सायकलस्वार एकटे असताना जितके वेगाने जातात त्यापेक्षा सोबतीने अधिक वेगाने जातात. १९६५मध्ये रॉबर्ट झायन्सने त्यात दुरुस्ती केली: प्रेक्षकांमुळे मुरलेल्याचा खेळ खुलतो, नवख्याचा बिघडतो. त्याआधीचा, १९०८चा, यर्क्स आणि डॉडसन यांचा नियम सांगतो की उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी, त्यापुढे घातक. आणि ती मर्यादा प्रत्येक खेळात वेगळी. वजन उचलणाऱ्याने स्वतःला चेतवावं, नेमबाजाने शांत व्हावं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेच्या खेळात स्वतःच्या हृदयाची धडधडसुद्धा नेमाला धक्का लावू शकते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, हे विज्ञानच की. पण पेपरचा एक मोठा हिस्सा ‘खेळ आणि समाज’ या नावाचा असतो. मुलांना तो सर्वांत अनपेक्षित वाटतो. माझ्या मते याच भागामुळे विषयाला वजन येतं. प्रश्न असा आहे की आज आपण ज्याला खेळ म्हणतो, नियम, पंच, तक्ते, तिकिटं यांनी बांधलेला, तो आला कुठून?

औद्योगिक क्रांतीआधीचा इंग्लंडमधला फुटबॉल म्हणजे गावाच्या दोन भागांतली दंगल. खेळाडूंची संख्या ठरलेली नाही, मैदानाची हद्द नाही, वेळ नाही. सणाच्या दिवशी सगळं गाव चेंडूमागे. १८३५च्या हायवे अ‍ॅक्टने रस्त्यावर फुटबॉल खेळायला बंदी घातली. त्याच सुमाराला रग्बी शाळेत थॉमस आर्नल्ड मुख्याध्यापक होता, १८२८ ते १८४२. आर्नल्डला स्वतःला खेळांचं फारसं वेड नव्हतं. त्याला हवी होती शिस्त, आणि वरच्या वर्गातल्या मुलांवर जबाबदारी टाकून ती येईल असं तो मानत होता. पण त्याच्या पद्धतीतून खेळ हा चारित्र्य घडवण्याचा मार्ग आहे ही कल्पना फोफावली, आणि त्या शाळांतून निघालेली मुलं शिक्षक, पाद्री, अधिकारी होऊन ती घेऊन जगभर गेली. आधुनिक ऑलिंपिकचा जनक प्येर द कुबेर्तां याने आर्नल्डला गुरुस्थानी मानलं. श्रॉपशरमधल्या मच वेनलॉक या लहान गावात डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्सने १८५०पासून भरवलेले ‘ऑलिंपियन’ खेळही कुबेर्तांने १८९० साली जाऊन पाहिले.

दुसरा धागा गिरण्यांचा. १८५०च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांत स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं, आणि हळूहळू अर्ध्या शनिवारची सुट्टी इतरांपर्यंत पोचली. दोनला भोंगा, तीनला सामना. रेल्वेने एका गावचा संघ दुसऱ्या गावी जाऊ लागला, म्हणून सगळ्यांना चालतील असे नियम लागले; फुटबॉल असोसिएशन १८६३ची. कामगार खेळाडूला रजेचा पगार कोण देणार, हा वाद पेटला आणि १८८५मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. १८८८च्या पहिल्या फुटबॉल लीगमधले बाराही संघ उत्तर आणि मध्य इंग्लंडचे, म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्यातले होते. कारण आणि परिणाम अशी साखळी लावायची सवय इतिहासाच्या तासाला लागते तशी इथेही लागते, आणि इथे तर मुलांना त्यातले क्लब पाठ असतात.

पैसे न घेता खेळणारा तो सभ्य आणि घेणारा तो नोकर, हा भेद मात्र टिकला. हेन्लीच्या नौका शर्यतींत हातांनी काम करून पोट भरणाऱ्याला मज्जाव होता. क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ यांची मैदानावर यायची दारंही अनेक ठिकाणी वेगळी होती. हा भेद अधिकृतपणे संपला १९६२च्या अखेरीस. ए-लेव्हलच्या पुस्तकात पळवणकर बाळू नसतात, पण मराठी वाचकाला इथे ते आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची देखभाल करणारा हा दलित तरुण नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता त्या काळच्या धर्मनिहाय सामन्यांतल्या हिंदू संघाचा हुकमी गोलंदाज झाला. मैदानात सवर्ण सहकारी त्याच्याच चेंडूवर झेल घेत होते. चहा मात्र त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळत होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्याच्या वाट्याला आलं नाही. ते १९२३मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. तिकडे वर्गाचा उंबरठा, इकडे जातीचा.

स्त्रियांचं प्रकरण अधिक बोचरं आहे. पहिल्या महायुद्धात प्रेस्टनच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांनी डिक, कर लेडीज हा संघ उभा केला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. पुढच्या वर्षी डिसेंबरात फुटबॉल असोसिएशनने आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळू द्यायला बंदी घातली. ती उठायला सुमारे अर्धं शतक लागलं. २०२२मध्ये वेम्बलीवर महिला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ८७,१९२ प्रेक्षक होते. बायकांच्या फुटबॉलला प्रेक्षक नसतात, हे वाक्य त्या पन्नास वर्षांत कुठून आलं, ते विद्यार्थ्याला पुराव्यानिशी मांडता आलं पाहिजे.

एक्यूएच्या लेखी परीक्षेत लहान प्रश्नांबरोबर आठ आणि पंधरा गुणांचेही असतात. पंधरा गुणांच्या उत्तरात शरीरशास्त्र, मानसशास्त्र असे वेगवेगळे धागे एकाच खेळाडूभोवती विणावे लागतात. पाठांतरवाले इथे मागे पडतात. चांगलं खेळणारे पण कधी स्वतःच्या खेळाकडे बाहेरून न पाहिलेले, तेही.

आता उरलेले ३० टक्के. विद्यार्थ्याने एकाच खेळात, खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून, कसब दाखवायचं. सरकारी यादीत फुटबॉल, नेटबॉल, जलतरण यांच्यासोबत नृत्य, गिर्यारोहणातलं कडेचढण, घोडेस्वारी, स्कीइंग आणि अपंग खेळाडूंसाठीचे बोचा, गोलबॉल, व्हीलचेअर बास्केटबॉल असे खेळही आहेत. शिक्षक गुण देतात, मंडळाचा तपासनीस ते पडताळतो. शाळेबाहेरच्या खेळाचं चित्रीकरण द्यावं लागतं. दुसरा निम्मा भाग विश्लेषणाचा: दोष कोणता, तो सिद्धान्ताने कसा समजावायचा, सुधारायचा कसा. ओसीआर मंडळात तर विद्यार्थी आपल्या सोबत्याचा खेळ पाहतो आणि त्यावर तोंडी बोलतो. हे मला फार आवडतं. इतर विषयांत परीक्षेत बोलू दिलं जातं ते बहुधा परकीय भाषेच्या तोंडीपुरतं.

पण याच ३० टक्क्यांत गोम आहे. स्कीइंगचे गुण मिळवायला आधी बर्फाळ डोंगरावरच्या सुट्ट्या परवडाव्या लागतात. घोडेस्वारीला तर घोडा लागतो. क्लबची फी, शनिवार-रविवार गाडीने सोडणारे पालक, दाखवण्याजोगं चित्रीकरण, हे सगळं घरच्या परिस्थितीवर ठरतं. ब्रिटनमध्ये खाजगी शाळांत साधारण ७ टक्के मुलं शिकतात, आणि २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधल्या ब्रिटिश पदकविजेत्यांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या शाळांतले होते. गंमत अशी की हीच विषमता ‘खेळ आणि समाज’च्या पेपरात प्रश्न म्हणून येते. एकाच विषयाच्या एका भागात विषमतेची कारणं लिहायची आणि दुसऱ्या भागात तिचेच गुण घ्यायचे.

विद्यापीठांनी या विषयाकडे बराच काळ नाक मुरडून पाहिलं. नामांकित विद्यापीठांच्या रसेल ग्रुपने २०११पासून पुढच्या प्रवेशाला उपकारक म्हणून गणित, भौतिक, रसायन, जीव, इतिहास, भूगोल, इंग्रजी साहित्य आणि आधुनिक व अभिजात भाषा यांची यादी प्रसिद्ध केली. पीई तीत नव्हता. ती यादी २०१९मध्ये मागे घेतली गेली. विद्यापीठ प्रवेशाच्या गुणमोजणीत मात्र भेद नाही. ए-स्टार मिळाला की पीईलाही ५६, भौतिकशास्त्रालाही ५६. फिजिओथेरपीच्या काही अभ्यासक्रमांना जीवशास्त्राऐवजी पीई चालतो, क्रीडाविज्ञानाला तो हवासा असतो. वैद्यकाची वाट धरणाऱ्याने मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे रसायनशास्त्र वगैरे लागतंच.

भारतात याचा सर्वांत जवळचा नातेवाईक सीबीएसईच्या अकरावी-बारावीत सापडतो. विषय क्रमांक ०४८, ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. त्यात योगासनं आहेत, ज्येष्ठ नागरिकांच्या तंदुरुस्तीच्या चाचण्या आहेत, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या खेळांचा पाठ आहे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातला सामाजिक इतिहासाचा पसारा मात्र नाही. महाराष्ट्र राज्य मंडळात आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे, आणि खेळाडू विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे वाढीव गुण मिळतात. म्हणजे खेळल्याचं बक्षीस आहे, खेळ समजून घेण्याचा पेपर नाही.

तो काढायचा झाला तर कच्च्या मालाची ददात नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला मल्लखांब म्हणजे गुरुत्वमध्य आणि पकडीच्या घर्षणाचा चालता धडा. १९१४मध्ये पुण्यात खो-खोचे नियम लिहिले गेले, आणि त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झालं, ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. कबड्डी मातीवरून मॅटवर आली, खेळाडूंच्या पायांत बूट आले, एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायच्या चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ लागलं, आणि २०१४पासून प्रो कबड्डीने तिला टीव्हीच्या वेळापत्रकात बसवलं. गावच्या दंगलीपासून शनिवारच्या तीनच्या सामन्यापर्यंत इंग्लिश फुटबॉलने दीडशे वर्षांपूर्वी केलेला प्रवास कबड्डीने आपल्या डोळ्यांदेखत केला, आणि मॅटमुळे चढाईपटूच्या पायाची पकड, वळायचा वेग, गुडघ्यावरचा ताण यांत काय बदललं याची उत्तरं आज आपल्या शाळांपेक्षा कबड्डीच्या वस्तादांकडे अधिक मिळतील.